धाप लागली की फ्रेंच सोपी जाते

‘इंग्रजीतून मास्टर्स आहे, फ्रेंच नाही आली तरी चालतं,’ असं फ्रान्सला निघालेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगतंच. चालतं, हे खरंच आहे. ग्रेनोबलला आमची लेक्चर इंग्रजीत, प्रोजेक्टचा रिपोर्ट इंग्रजीत, वर्गात निम्मी मुलं बाहेरच्या देशांतली. काही जणांनी सगळा कोर्स ‘बोंजूर’ आणि ‘मेर्सी’वर काढला. मला विचाराल तर त्यांनी फ्रान्स बघितला, पण तिथे ते राहिले नाहीत.

मी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून फ्रेंचचं सर्टिफिकेट घेऊन गेले होते. उच्चारांची भीती नव्हती. मालवणीत ‘खंय, थंय, हंय’ करत वाढलेल्या माणसाला फ्रेंचमधले नाकातले स्वर शिकवावे लागत नाहीत. अडलं ते ऐकण्यात. पुस्तकात ‘ज न से पा’ (मला माहीत नाही) असं चार शब्दांत नीट मांडलेलं वाक्य रस्त्यावर ‘शे पा’ होऊन येतं आणि कळेपर्यंत निघूनही जातं. फोन नंबर जोडीजोडीने सांगतात, त्यात सत्त्याण्णव म्हणजे ‘चार विसा सतरा’. अर्थात एकोणऐंशी आणि नव्याण्णव पाठ करून मोठं झालेल्यांनी याबद्दल बोलू नये.

पहिले दोन-तीन महिने कागदपत्रांतच गेले. व्हिसा तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा, खोलीचा विमा काढायचा, भाड्याच्या मदतीसाठी ‘काफ’कडे अर्ज, सोशल सिक्युरिटी नंबरासाठी जन्मदाखल्याचं अधिकृत अनुवादकाकडून केलेलं भाषांतर. बँकेला पत्त्याचा पुरावा हवा आणि घरमालकाला बँकेचा खातेनंबर. आधी कोण, हे दोघंही सांगेनात. त्यात पासपोर्टवर माझ्या नावापुढे वडिलांचं नाव. फ्रेंच ऑफिसांच्या हिशेबाने ते माझंच दुसरं नाव झालं, आणि दवाखान्यात मला बाबांच्या नावाने हाका पडू लागल्या. मी ‘वुई’, म्हणजे हो, म्हणून उठायचे. इजिप्तची चित्रलिपी १८२२मध्ये उलगडणारा शांपोलिओं याच गावात शिकला. त्याला हे फॉर्म भरावे लागले नसणार.

युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनमध्ये तेव्हा ३.३० युरोत पोट भरायचं. पण माझी खरी शिकवणी रेल्वेच्या पुलाखाली भरणाऱ्या एस्ताकादच्या बाजारात. अक्रोड, सँ-मार्सेलँ चीज, माती लागलेले बटाटे. विक्रेती प्रत्येक वस्तूनंतर एकाच सुरात विचारते, ‘ए आवेक ससी?’ म्हणजे, आणखी काय देऊ? ‘स सरा तू’, एवढंच, असं म्हटलं की सुटका. मागे रांग असली तरी ‘बोंजूर’ म्हटल्याशिवाय थेट भाव विचारायचा नाही. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, सगळीकडे आधी ‘बोंजूर’. तो विसरलात तर समोरचा माणूस तुमचं बोलणं ऐकूच न आल्यासारखा वागतो.

ग्रेनोबल शहर अगदी सपाट, आणि भोवती तीन डोंगररांगा: शार्त्रूझ, व्हेर्कोर, बेलदोन. कुठल्याही गल्लीच्या टोकाला डोंगर दिसतोच. इझेर नदीच्या काठावरून बास्तीय किल्ल्यावर जायला काचेच्या गोल डब्यांची केबल कार आहे. १९३४पासून ती चालू आहे, गोल डबे १९७६मधले. सिंहगड पायी चढणाऱ्या पुणेकरांसारखे इथलेही लोक रविवारी ती टाळून चालत जातात. शहर साधारण २१० मीटरवर, किल्ला ४७६ मीटरवर; म्हणजे फार नाही, पण वाट सरळ वर. हवा स्वच्छ असेल तर वरून माँ ब्लाँचं शिखर दिसतं. कांदाभजी मात्र नाही, ही मोठीच उणीव.

या वाटेवर अनोळखी माणसंही एकमेकांना ‘बोंजूर’ करतात. मग कुठून आलात, वर बर्फ आहे का, हे बूट चालतील का. आणि चढावर सगळ्यांना धाप लागलेली असल्यामुळे कुणीच लांब वाक्य बोलत नाही. तीन शब्द, श्वास, परत तीन शब्द. मला नेमकी तेवढीच फ्रेंच येत होती. माझ्याबरोबर येणाऱ्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या एक बाई तर दर वळणावर थांबून वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या. त्यांनीच एका वळणावर ‘ऑं प स त्युत्वाये’ म्हणून ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायची परवानगी दिली. आईच्या वयाच्या बाईंना ‘तू’ म्हणताना पुढचे कित्येक रविवार माझी जीभ अडखळत होती.

लॅबमधलं जेवणाचं टेबल सर्वांत अवघड. बाराला सगळे एकदम उठतात, सहा जण एका वेळी बोलतात, विषय राजकारणावरून चीजवर आणि चीजवरून संपावर. मी पहिल्या सहामाहीत तिथे नुसती हसत बसायचे, तेही इतरांपेक्षा अर्धा सेकंद उशिरा. जेवण झालं की ते ‘क्वांश’ नावाचा पत्त्यांचा डाव मांडायचे. एकदा चौथा भिडू नव्हता म्हणून मला बसवलं आणि नियम सांगायला लागले: बत्तीस पानं, समोरासमोर भिडू, बोली लावून हुकूम ठरवायचा, हुकुमात सर्वांत मोठा गुलाम, त्याच्या खालोखाल नव्वी, मग एक्का.

मी म्हटलं, थांबा. गणपतीत आमच्या घरी रात्र रात्र रंगणारा ३०४चा डाव तो हाच! गुण वेगळे, पण हुकुमात गुलाम आणि नव्वीचा मान तोच. त्या दुपारी मला काहीच समजावून घ्यावं लागलं नाही. ‘पास’, ‘शंभर’, ‘हुकूम कुठला’ एवढ्यावर खेळ चालतो आणि उरलेलं भांडणात येतं. माझ्या भिडूने हुकमाची नव्वी वाया घालवली तेव्हा मी त्याला फ्रेंचमध्ये अख्खं वाक्य सुनावलं. ‘तू’ म्हणूनच सुनावलं. व्याकरणाची चूक एकाने दाखवली, पण डाव संपल्यावर.