कढईची धास्ती

बिडाचा तवा पायावर पडला तर अंगठा काळानिळा होतो, एवढीच त्याची शस्त्र म्हणून लायकी. सोळाव्या शतकात चीनवर राज्य करणाऱ्या मिंग घराण्याच्या दरबाराचं मत मात्र वेगळं होतं. लोखंडी कढई मोंगलांना विकली तर ते ती वितळवून हत्यारं घडवतील, अशी धास्ती दरबाराच्या मनात कायम.

मोंगलांकडे घोडे, गुरं, मेंढ्या, कातडी भरपूर. पण बिऱ्हाड पाठीवर घेऊन कुरणामागे हिंडणाऱ्यांनी ओतकामाची भट्टी लावायची कुठे? कापड, धान्य, भांडी चीनच्या भिंतीपलीकडूनच यायची. मोंगलांचा सरदार अल्तान खान यानं 1541 मध्ये बाजार मागितला. दुसऱ्या वर्षी आलेल्या त्याच्या दूताला चिन्यांनी मारूनच टाकलं. 1550 मध्ये खान फौजेसह बीजिंगच्या वेशीवर धडकला, आसपासचा मुलूख लुटला, आणि मागणं काय, तर व्यापार! 1551 मध्ये दातोंग आणि श्वानफू या सीमेवरच्या ठाण्यांत घोडेबाजार भरले, वर्षभरात गुंडाळलेही. वर मिंग बादशहा जियाजिंगचं फर्मान: पुन्हा घोडेबाजाराचं नाव काढील त्याचं मुंडकं उडवू.

गाडं रुळावर आलं ते घरच्या भांडणामुळे. 1570 मध्ये खानाचा नातू लग्नाच्या भानगडीवरून आजोबांवर रुसला आणि थेट मिंग हद्दीत जाऊन बसला. सीमेवरचा अधिकारी वांग छोंगगू धूर्त. त्यानं पोराची बडदास्त ठेवली, मग मानानं परत पाठवलं. 1571 मध्ये तह झाला, खानाला राजाचा किताब मिळाला आणि सीमेवर ठिकठिकाणी बाजार सुरू झाले. वांगची योजना बघा: महिनाभराचा बाजार, हद्दीबाहेर 300 मोंगल स्वार, बाजारात 500 मिंग शिपाई. मेंढी विकायला आलेल्या बाईला केवढा हा बंदोबस्त! खान 1582 मध्ये वारला, तरी त्याच्या धोरणी बायकोनं, तिसऱ्या राणीनं, बाजार मोडू दिला नाही.

आणि कढई? तिच्यावर दरबारात खल झाला. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगच्या कढया ओतीव बिडाच्या, त्यांचं हत्यार होत नाही, तेव्हा त्या द्याव्यात, असं एक म्हणणं. दुसरी सूचना अशी की जुनी फुटकी कढई आणून द्यावी, मगच नवी मिळेल. आता ज्या घरात मुळात कढईच नाही, त्यांनी फुटकी कुठून आणायची? हा नियम सुचवणाऱ्यानं आयुष्यात कधी चुलीपुढे बसून रस्सा ढवळला नसणार, हे मी पैजेवर सांगते.