जुळवाजुळव

दुपारी फोनवर निमंत्रण येऊन पडलं. घरगुती बैठक, संध्याकाळी सहा, माइक नाही, खाली सतरंज्या, आणि शेवटी कंसात 'गुडघ्यांसाठी चार खुर्च्या आहेत'. असं काही आलं की मी पाचलाच जाऊन बसतो. यजमानांना ते फारसं रुचत नाही, कारण तेव्हा सतरंज्यांच्या घड्याही मोडलेल्या नसतात आणि सोफा कुठल्या खोलीत ढकलायचा यावर घरात एकमत झालेलं नसतं. पण बैठकीतला मला सगळ्यांत आवडणारा भाग निमंत्रणात लिहिलेला नसतो आणि सहाच्या आत उरकलेला असतो. वाद्यं जुळवायचा.

तानपुरा गवसणीतून काढला आणि लगेच खुंट्या पिळायला घेतल्या, तर समजावं की माणूस नवखा आहे. एसी गाडीतून आलेलं वाद्य अर्धा तास खोलीत नुसतं पडू द्यायचं असतं. गार तार आखडलेली असते; खोलीची ऊब लागली की ती सैलावते आणि सूर खाली येतो. घाईने जुळवलेला तानपुरा पंधरा मिनिटांत पुन्हा जुळवावा लागतो, आणि तोवर लोक आलेले असतात. पावसाळ्यात खुंट्या फुगून भोकात अडकतात, करकरत, झटक्याझटक्याने फिरतात. उन्हाळ्यात उलट. खुंटी धरतच नाही, हात काढला की गर्रकन मागे येते. तिला खडू फासायचा, शाळेतला साधा पांढरा खडू, आणि फिरवताना आत दाबत फिरवायची. जाणत्याच्या पिशवीत खडूचा तुकडा, एखादी जादा तार आणि दोऱ्याचं रीळ असतंच. रिळाचं काम पुढे येईल.

खुंटीला हात लावण्याआधी मणी बघायचे. भोपळ्याच्या बाजूला तारा ज्या पट्टीवरून जातात ती घोडी. तिच्या खाली प्रत्येक तारेत एक मणी ओवलेला असतो. तो तारदानाकडे, म्हणजे तारेचं खालचं टोक बांधलेलं असतं तिकडे, सरकवला की तार केसभर चढते, घोडीकडे आणला की उतरते. मागच्या कार्यक्रमात कुणीतरी ते पार खाली नेऊन ठेवलेले असतात, आणि मग ऐन वेळी, सूर थोडासाच कमी असताना, मणी सरकवायला जागाच उरत नाही. म्हणून सुरुवातीलाच सगळे मणी मध्यावर. खुंटीने सुराच्या जवळ जायचं, मण्याने पोचायचं.

चार तारांतल्या मधल्या दोनपैकी एक आधी गायकाच्या षड्जाला, म्हणजे 'सा'ला, लावतात. पुरुष असेल तर पेटीची काळी एक नाहीतर काळी दोन, बाई असेल तर काळी चार-पाच, हा ढोबळ हिशेब. घसा बसला असेल तर 'आज जरा पांढरी एकला घेऊ' असं हळूच कानात सांगितलं जातं. मग जोडीतली दुसरी तार, आणि मी पाचला येतो तो या तारेसाठी. दोन तारा जवळजवळ सारख्या झाल्या की आवाज हेलकावे खायला लागतो. दोघींच्या कंपनांत सेकंदाला तीनाचा फरक असेल तर सेकंदाला तीन हेलकावे, एकाचा असेल तर एक. तार आणखी चढवत गेलं की हेलकावे लांबत जातात, रेंगाळतात आणि मग नाहीसे होतात. तेवढ्यात कुणीतरी 'चहा घेणार ना?' असं विचारतं. विचारू नये.

नंतर खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची, जाड पितळी तार, आणि काहीजणांच्या पद्धतीत सगळ्यांत शेवटी पहिली. ही पहिली तार चुगलखोर असते. ती पंचमाला लागली तर काहीच कळत नाही. पण संध्याकाळच्या बैठकीत ती निषादाला जाऊन थांबली की मारवा किंवा पूरिया राग येणार, हे लवकर आलेल्याला कळून चुकतं. रात्रीच्या बैठकीत मध्यमाला लागली तर मालकंसाची, बागेश्रीची आशा धरायला हरकत नाही. निवेदक सव्वासहाला 'आज काय ऐकायला मिळणार याची उत्सुकता तुम्हा-आम्हा सर्वांनाच आहे' म्हणतो, तेव्हा गालातल्या गालात हसायची सोय होते.

आता रीळ. तार घोडीवरून जिथे जाते तिथे तिच्याखाली सुती दोऱ्याचा एक तुकडा असतो. तो दोरा एखाद्या सुईच्या जाडीइतका पुढेमागे सरकवला की तार एकदम बोलायला लागते किंवा मुकी होते. फार पुढे गेला तर नुसती पत्र्यासारखी झणझण, मागे राहिला तर 'टण्' आणि शांत. चारही तारांचे दोरे आपापल्या जागी बसले की जव्हारी लागली म्हणायचं. घोडीचा माथाच झिजून तारांनी त्यात घळी पाडल्या असतील तर दोऱ्याने भागत नाही. मग घोडी घासून जव्हारी काढून आणावी लागते, म्हणजे बहुतेकदा मिरज. मिरजेच्या सतारमेकरांच्या वाद्यांना, सतारीला आणि तानपुऱ्याला, २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूचे, लाकूड बहुधा तुणीचं. पण ज्याच्यासाठी लोक गाडीत तानपुरा आडवा घालून तिथे जातात ती जव्हारी कानसेने आणि कानाने काढली जाते. थोडं घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा घासायचं. जास्त घासलं गेलं तर परत भरून काढता येत नाही.

सगळं नीट लागलेल्या तानपुऱ्यात खर्जाची तार छेडली की एक गंधार ऐकू येतो. तो कुणी लावलेला नसतो. त्या तारेच्या पाचपट कंपनांचा तो स्वर, खर्जाच्या पोटातूनच येतो, म्हणून स्वयंभू. आणि इथूनच पेटीशी भांडण सुरू होतं. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पेटीवरचा गंधार षड्जापासून बरोबर ४०० वर बसवलेला असतो आणि तानपुऱ्यातला ३८६ वर. चौदा सेंटांचा फरक. पंचमात हाच फरक जेमतेम दोन सेंटांचा, म्हणून पंचमावर कुणाची तक्रार नसते. द्रुत बंदिशीत गंधार येतो आणि जातो, कळत नाही. पण भूप रागाच्या विलंबितात, संथ लयीत, गायक गंधारावर बसलेला असताना पेटीवाल्यानेही तो भाता भरून धरला, तर मागच्या भिंतीला टेकलेल्या माणसालाही दात आंबल्यासारखं होतं. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटी बाहेर ठेवली, त्यामागच्या आक्षेपांत हा एक होताच. मला ती बंदी अतिरेकी वाटते. शहाणा पेटीवाला अशा जागी भाता हलका करतो आणि षड्ज-पंचमावर मागे राहतो. त्याने काय वाजवलं यापेक्षा काय वाजवलं नाही यासाठी त्याला दाद द्यायला हवी, पण तशी दाद द्यायची पद्धत आपल्याकडे नाही.

तबलजीने तानपुरे लागेपर्यंत थांबावं. थांबतोच असं नाही. एव्हाना त्याची हातोडी बाहेर आलेली असते. पुरुषाच्या साथीला सव्वापाच इंचांच्या आसपासच्या तोंडाचा टिपेचा तबला आणि बाईच्या साथीला सहा इंची, ढाला म्हणजे खालच्या सुराचा, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला उलटं वाटतं. पण पुरुषाच्या गाण्यात तबला त्याच्या तार षड्जाला लावतात, बाईच्या गाण्यात मध्य षड्जाला. हिशेब बरोबर जुळतो. सूर बराच चढवायचा तर वादीखालचे, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यांखालचे, लाकडी गट्टे खाली ठोकायचे, थोडा चढवायचा तर गजऱ्यावर, म्हणजे तोंडाभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर, वरून ठोके, उतरवायचा तर खालून. वादी ओवलेली गजऱ्याची सोळा घरं, आणि प्रत्येक घर समोरच्या घराशी बांधलेलं. एकाच ठिकाणी पाच ठोके घातले की तिथे चढतो आणि पलीकडे बिघडतो, म्हणून समोरासमोर जायचं, चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, 'ना' वाजवत. नवखा तबलजी ऐकू येत नाही म्हणून जोरात ठोकतो. मुरलेला आधी हळू वाजवून ऐकतो आणि मगच एक ठोका घालतो. शेवटी ठुमरी असेल आणि ती मध्यमाला षड्ज करून गायची असेल, तर दुसरा तबला जोडून ठेवलेला बरा. पाऊण इंच हातोडीने भरून निघत नाही.

एकूण पावणेसहाला सगळं लागलेलं असतं. खोली गोल आवाजाने भरलेली, गायक डोळे मिटून आकारात षड्ज लावून बघतोय, कुणीही बोलत नाहीये. बैठक इथे सुरू करावी असं माझं स्पष्ट मत आहे. पण बैठक इथे सुरू होत नाही. इथे दीपप्रज्वलन होतं. मग प्रास्ताविक, कलाकारांचा परिचय (गुरूंच्या गुरूंपासून), शाल, श्रीफळ, आणि ज्यांच्या कृपेने ही जागा मिळाली त्यांचे दोन शब्द. या सगळ्यात पन्नास माणसं आत येऊन बसलेली असतात. शांत बसलेलं माणूस साधारण शंभर वॅट उष्णता सोडतं. पन्नास माणसांचा मिळून पाच किलोवॅटचा हीटर होतो, तोही दमट. तारा उतरतात. तबल्याची कातडी पुडी ओल धरते, तबला उतरतो. श्रीफळ हातात घेऊन उभ्या असलेल्या गायकाची नजर तानपुऱ्याकडे वळते ती म्हणूनच. मग भाषणं संपल्यावर सगळं पुन्हा जुळवायचं, आणि मागून कुणीतरी पुटपुटतं, 'अजून जुळवतायत!'

अहो, तुम्हीच बिघडवलंत.

सत्कार मध्यंतरात करावेत. तेव्हा तसंही सगळं पुन्हा लावायचंच असतं. ही सूचना मी भेटेल त्या आयोजकाला करतो आणि तो 'हो, हो, चांगली आहे' म्हणतो.

न्यूयॉर्कमध्ये १९७१ साली बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमात रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं जुळवत होते, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या, हा किस्सा आपल्याकडे त्या श्रोत्यांना हसण्यासाठी सांगतात. मला त्या श्रोत्यांचं काही चुकलेलं वाटत नाही.

माइक नसलेल्या खोलीचंही एक जुळवणं असतं, फक्त ते कुणाच्या हातात नसतं. पाच वाजता, उघड्या भिंती आणि रिकामी फरशी असताना, टाळी वाजवली की ती टणाटणा परत येते. गायकाला वाटतं, वा, काय गुंजते खोली. सतरंज्या, पडदे आणि पन्नास माणसांचे कपडे आत आले की ते सगळं शोषलं जातं आणि तोच गायक सहाला जास्त जोर लावायला लागतो. म्हणून रिकाम्या खोलीत आवाज अजमावू नये, आणि भिंती अगदीच उघड्या असतील तर एका बाजूला तरी जाड पडदा सोडावा. पंखे मंद किंवा बंद. गायकाच्या थेट डोक्यावरचा तर बंदच, कारण पात्यांवर आपटून येणारा आवाज थरथरतो. गळा पन्नास जणांपर्यंत सहज पोचतो, तबला तर शेजारच्या घरातही. चौथ्या रांगेनंतर गायब होतो तो तानपुरा. एकच माइक लावायची परवानगी असेल तर तो तानपुऱ्याच्या भोपळ्यापासून हातभर अंतरावर, अगदी बारीक आवाजात लावावा. एकाही गायकाने हे ऐकल्याचं मला दिसलेलं नाही.

बसायला जागा तिसऱ्या रांगेत, जरा कडेला, तबल्याच्या समोर नाही. तिथे बसल्यावर गायकाच्या मागे बसलेली दोन मुलं दिसतात, बहुधा त्याचीच शिष्य. पहिली तार मधल्या बोटाने, बाकीच्या तीन तर्जनीने, नखाने नव्हे तर बोटाच्या मांसल भागाने. आणि ठेक्याकडे अजिबात लक्ष न देता, हे सगळ्यांत अवघड. समोर तीनताल भरात आलेला असताना बोटं आपोआप लयीत जायला बघतात, आणि ती गेली की तानपुरा झुलायला लागतो आणि गायक मान किंचित मागे वळवतो. तेवढंच, पण मुलांचे कान लाल होतात. आता बऱ्याच बैठकींत या मुलांच्या जागी फोनमधला तानपुरा असतो. तो उतरत नाही, झुलत नाही, पायाला मुंग्या आल्या म्हणून हलत नाही. मात्र तो फोन आधी फ्लाइट मोडवर टाकावा. नाहीतर विलंबितात कुणाचातरी फोन येतो आणि षड्ज बंद पडतो.

मुलं असतात तिथे ती दीड तास मांडी न बदलता बसतात. त्यांना गावं वाटलेलं असतं ते गिळून, गुरूने खूण केली तरच एखादी ओळ उचलतात. निवेदक शेवटी आभारात त्यांची नावं घेतो, आणि दोनपैकी एक हमखास चुकवतो.