हातचा एक

आपल्या शाळेत गणिताच्या सरांना आम्ही पाठीमागे ‘हातचा’ म्हणायचो. हातचा विसरला की सर कान धरायचे, म्हणून.

जुलैत मलप्रभा नदीला पाणी चढलं की पलीकडच्या गावांतली पोरं यायची नाहीत. वर्ग अर्धा रिकामा, कौलांवर धो धो पाऊस. अशा दिवशी सर धडा पुढे न्यायचे नाहीत. एकदा म्हणाले, “अशी संख्या काढा, जिचा शेवटचा अंक उचलून पहिल्या जागी ठेवला की संख्या दुप्पट होते.”

दोन अंकी झाल्या, तीन अंकी झाल्या, चार अंकींवर आम्ही थकलो. मग सरांनी फळ्याच्या उजव्या टोकाला 2 लिहिला. त्याची दुप्पट 4, डावीकडे. मग 8. मग 16, म्हणजे 6 लिहून हातचा 1. सहाची दुप्पट 12 नि हातचा, 13. असं करत खडू डावीकडे सरकत गेला आणि हातचा न उरता पुन्हा 2 यायची वेळ झाली तिथे थांबला: 105263157894736842. शेवटचा 2 पुढे आणला, 210526315789473684. बरोब्बर दुप्पट! अठरा अंक. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली एकं-दहंची उतरंडही अठराव्या घरावर, परार्धावरच थांबते. सरांनी तीही म्हणायला लावली. जलधीनंतर सगळ्यांची बोबडी वळली.

मी शहाणपणा करून 1 पासून सुरुवात केली. शेवटी डावीकडे 0 आला. पुढच्या शून्याला काय किंमत, म्हणून गाळला. मग काही केल्या दुप्पट जमेना. सरांनी वही ओढली आणि तांबड्या पेन्सिलीनं शून्य परत लिहिलं. “ह्याला का रे हाकललास?” 052631578947368421 ची दुप्पट केली तर फळ्यावरचीच संख्या आली.

का येते, ते सरांनी दोन ओळींत दाखवलं. हेच अठरा अंक दशांशचिन्हापुढे पुन्हा पुन्हा येतात असं धरा, त्याला क्ष म्हणा. 2 पुढे आला की (2 + क्ष) भागिले 10, आणि हे 2 क्ष इतकं. म्हणजे 20 क्ष वजा क्ष बरोबर 2; क्ष म्हणजे दोन एकोणिसांश. शेजारी बसणारा माझा कानडी दोस्त म्हणाला, “आमच्यात हत्तोंबत्तु, दहा नि नऊ.” आमचं एकोणीस मात्र वीसाला एक उणं, उत्तरातली वजाबाकी नावातच. त्या दिवशी त्याच्यापुढे मी फार मिरवलो.

पुढे त्याच संख्येचे मी मधोमध दोन तुकडे करून बेरीज केली: 105263157 आणि 894736842. नऊच्या नऊ जागी 9! हे सरांना दाखवायचं राहून गेलं.

परवा नातवाला तेच कोडं घातलं. तो कन्नड माध्यमात, “ओंदु, एरडु” करत अंक मांडतो. मोबाईलमध्ये अठरा अंक मावेनात म्हणून शेवटी कागद घेतला. त्यानंही 1 पासूनच सुरुवात केली आणि पुढचं शून्य गाळलं. अजून मी काही बोललेलो नाही.