कारवारला छोट्या बोटीतून: डॉल्फिन, निवट्या आणि पंचमीची ओहोटी

बेळगावात राहून आपण गोव्याला पन्नासदा जातो आणि कारवारचं नाव काढलं की "तिथं काय आहे?" म्हणतो, मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. जानेवारीत मी आणि आमचे हे, दोघंच दोन दिवस जाऊन आलो. खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरायचा, खाली कद्रा लागतं आणि तिथनं काळी नदीची सोबत थेट कारवारपर्यंत. घाट काळी व्याघ्र प्रकल्पातनं जातो, वळणं भरपूर, तेव्हा उजेडातच उतरा.

बोट आदल्या संध्याकाळीच कारवारातल्या कोडीबागला जाऊन ठरवली. फायबरची लहान बोट, मागं आउटबोर्ड इंजिन, सहा जण जेमतेम मावतील एवढी. माणशी सीट घेऊ नका, दोघं असलात तरी अख्खी बोट घ्या आणि तासावर ठरवा, पैसे थोडे जास्त जातात पण मग कुठं थांबायचं ते तुमच्या हातात राहतं. माणशी घेतलं की मोठ्या बोटीत वीस जणांच्या आरडाओरड्यात डॉल्फिनच्या मागं पळापळ, आणि ती बिचारी जनावरं खाली जातात ती वर येतच नाहीत. आणि लाइफ जॅकेट बघून घ्या, आमच्यातल्या एकाचा बक्कलच तुटका होता, तो निघायच्या आधी बदलून घेतला.

सकाळी सातला निघालो. अकरानंतर समुद्रावरनं वारा सुटतो आणि लहान बोट आपटायला लागते, म्हणून समुद्राचा भाग पहिल्यांदा उरकायचा. काळीच्या मुखातनं बाहेर पडलं की मागं सदाशिवगडाचा डोंगर, पुढं कासवासारखं कूर्मगड बेट, त्यावर नरसिंहाचं देऊळ. बेटाच्या अलीकडं बोटवाल्या मामांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "हांगा राव्या," म्हणजे इथंच थांबूया. दहा मिनिटं काहीच नाही, नुसतं पाणी फळीला चुबुक चुबुक लागतंय. मी तिकडं लांब दीपगृहाकडं बघत बसले होते तर हे दबक्या आवाजात, "अगं तिकडं काय बघूलैस, हिकडं बघ की!" आणि आधी आवाज आला, फुस्स, कुणी जोरात श्वास सोडल्यासारखा, मग लांब चोच वर आली, मग राखाडी पाठ आणि पाठीवरचा तो उंचवटा, त्याच्यावर लहानसा पर, आणि सगळं गोल फिरून आत. कुबडवाले डॉल्फिन हे, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात आणि नद्यांच्या मुखाशी राहणारे, जगात संकटग्रस्त म्हणून नोंदलेत. फार उड्या मारत नाहीत, त्यामुळं सर्कस बघायला गेल्यासारखं जाऊ नका. आम्हाला पाच दिसले, एक पिल्लू आईला चिकटून, आईनं श्वास घेतला की लगेच त्याचा. मी कॅमेरा खाली ठेवला, डोळे भरून आले होते.

परत येताना माझ्या हट्टानं मामांनी बोट कांदळवनात घातली. नऊ वाजून गेले होते. आता इथं एक हिशेब सांगते, कोकणातला जुना आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, थोडंफार मागंपुढं. त्या दिवशी पंचमी, म्हणजे पहाटे पावणेचारला भरती आणि तिथनं साधारण सहा तासांनी, दहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. म्हणजे आम्ही आत शिरत होतो आणि पाणी बाहेर पळत होतं. व्हायचं तेच झालं, एका वळणावर बोट चिखलात बसली. ह्यांचा चेहरा उतरला, पण मामा म्हणाले उतरायचं नाही, चिखल कमरेएवढा आहे, पाणी येईल तेव्हा येईल.

दीड तास बसलो. आणि खरं सांगते, सगळ्या ट्रिपमधला तो दीड तास मला सगळ्यात आवडला. आम्ही गप्प झालो तसं चिखलातनं निवट्या बाहेर यायला लागल्या, बोटभर मासा, डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर रेटत चिखलावरनं चालतोय, दोघे समोरासमोर आले की पाठीवरचा पर पंख्यासारखा उघडून एकमेकांना धमकी देतात. शेजारी एका बाजूचा नांगा मोठा असलेले खेकडे, नांगा हलवून माद्यांना बोलावणारे. कडेच्या दगडावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा मामांनी दाखवली, पाणमांजरांची, ती मात्र दिसली नाहीत. वर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दोनदा फेरी मारून गेला.

तेव्हा चिखलातलं बघायचं असेल तर ओहोटी पूर्ण होऊन पाणी चढायला लागलं की आत शिरा. अडकलात तरी तेच पाणी तुम्हाला उचलतं. उतरत्या पाण्यात शिरू नका, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात तर नकोच, तेव्हा पाणी फार लांब जातं. सोबत दोन लिटर पाणी, टोपी, काहीतरी खायला, आणि पँट गुडघ्यापर्यंत वर करता येईल अशी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं, पावसाळ्यात समुद्रात जायचा विचारही नको.

अकराच्या सुमाराला बोट हळूच हलली, मामांनी बांबूनं रेटा दिला आणि सुटलो. जाताना बेळगावचा कुंदा नेला होता, तो चिखलात बसल्या बसल्या तिघांनी मिळून संपवला. आता डिसेंबरात परत जायचंय, ह्यांनी कालनिर्णयवर षष्ठीला पेनानं गोल करून ठेवलाय, साडेदहाची ओहोटी.