स्पेशलायझेशन: फायनान्स

रविवार, रात्री उशिरा

आज एसपी जैन ह्या मॅनेजमेंट कॉलेजचा फॉर्म भरायला बसले आणि स्पेशलायझेशनच्या रकान्यात फायनान्स टाकलं. इतर बऱ्याच ठिकाणी आत गेल्यावर हळूहळू ठरवता येतं, इथे अर्ज करतानाच सांगावं लागतं, आणि म्हणून सध्या घरी, ऑफिसात, कॅटच्या (मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेच्या) ग्रुपवर सगळे एकच सांगतायत, अगं मेकॅनिकल केलंयस, चाकणला प्लांटमध्ये आहेस, गपचूप ऑपरेशन्स टाक, इंटरव्ह्यूचा कॉल येईल. येईलही कदाचित. पण मला ऑपरेशन्स नकोय.

'फायनान्सच का' ह्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं होतं, त्यावरच अख्खी दुपार गेली. पहिल्यांदा जे लिहिलं ते कोणाच्याही फॉर्ममध्ये खपलं असतं, आकड्यांची आवड, ॲनालिटिकल स्वभाव वगैरे. ते सगळं पुसलं आणि भोसरीचं लिहिलं.

माझं काम सप्लायर क्वालिटीचं. पार्ट रिजेक्ट झाला की व्हेंडरकडे जायचं, कारण शोधायचं, करेक्टिव्ह ॲक्शन लिहून घ्यायची. भोसरीच्या एका छोट्या शॉपमधून पार्ट उशिरा यायला लागले म्हणून मला पाठवलं होतं. बघते तर धातू कापायच्या दोन व्हीएमसी मशीनपैकी एक बंद. मी आपली विचारत सुटले, स्पिंडलचा प्रॉब्लेम आहे का, टूल संपलेत का, ऑपरेटर नाहीये का. मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते म्हणाले, "ताई, मशीनला काय धाड भरलीय, मटेरियलच नाहीये." स्टीलवाला ॲडव्हान्सशिवाय बार द्यायला तयार नाही, बँकेची सीसी लिमिट, म्हणजे कॅश क्रेडिट खात्यातून उचलता येणाऱ्या पैशांची मर्यादा, पूर्ण वापरून झालेली, आणि मोठ्या गिऱ्हाइकांकडून पेमेंट येणार तीन-चार महिन्यांनी. त्यात जीएसटी, बिल काढलं की पुढच्या महिन्यात भरायचाच, पैसे आलेले असोत नसोत. त्यांनी फाइल काढून दाखवली, एकेका इन्व्हॉइसच्या कोपऱ्यात पेन्सिलने तारीख लिहिलेली, खोडलेली, परत पुढची लिहिलेली. चांगला माणूस, पार्ट एक नंबर बनवतो, आणि मशीन बंद. माझ्या रिपोर्टच्या फॉरमॅटमध्ये ह्या कारणासाठी रकानाच नव्हता.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा सहकारी बँकेतून रिटायर झालेत, कर्ज खात्यात होते. ते म्हणाले, अगं पुढचं ऐक, बँक लिमिट देते ती स्टॉक आणि येणं बघून, आणि नव्वद दिवसांच्या वरचं येणं सहसा ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे किती पैसे उचलता येतील त्या हिशोबात, धरतच नाही. म्हणजे गिऱ्हाइकाने पेमेंट लांबवलं की काकांना नुसती वाट बघावी लागते असं नाही, त्यांना बँकेतून उचलता येणारे पैसेही त्याच वेळी कमी होतात. मी चार वेळा विचारून खात्री करून घेतली. इतकी वर्षं बाबा रोज हेच काम करत होते आणि मी कधी विचारलंच नव्हतं की म्हणजे नक्की काय करता.

मग वाचत गेले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 45 दिवसांत पैसे द्यायचे हा कायदा 2006 चा आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही चक्रवाढ. पण ते मागायला जाणार कोण, उद्याची ऑर्डर त्याच माणसाकडून घ्यायची असते ना. 2024 पासून इन्कम टॅक्समध्ये 43बी(एच) हे कलम आलं, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत माल घेणाऱ्याला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. ट्रेड्स, म्हणजे छोट्या उद्योगांच्या बिलांवर लगेच पैसे मिळवून देणारा ऑनलाइन प्लॅटफॉर्म, मला सगळ्यात आवडलं. मोठ्या कंपनीने इन्व्हॉइस ॲक्सेप्ट केलं की त्या प्लॅटफॉर्मवर बँका त्यावर बोली लावतात, छोट्याला पैसे लगेच मिळतात, आणि पुढे कंपनीने बुडवले तर बँक छोट्याच्या मागे लागत नाही. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आता त्यावर रजिस्टर व्हावंच लागतं. रजिस्टर होणं वेगळं आणि तिथे बिलं ॲक्सेप्ट करणं वेगळं, मला नेमकं ह्या मधल्या जागेत काम करायचंय. ड्रॉइंग वाचता येतं, शॉप फ्लोअर माहितीये आणि बॅलन्स शीटही कळते अशी माणसं कर्ज देणाऱ्यांच्या बाजूला हवीत असं मला मनापासून वाटतं.

बाबांचा प्रश्न वेगळाच होता. "तेच करायचंय तर एखाद्या बँकेत लाग, एवढी फी कशाला?" प्रश्न बरोबर आहे. पण सप्लायर क्वालिटीच्या अनुभवावर मला क्रेडिटच्या कामाला कोण उभं करेल, आणि कॅश फ्लो, रिस्क, व्हॅल्युएशन हे मला तुकड्यातुकड्यांत यूट्यूबवर नाही, नीट शिकायचंय. लोन घ्यावं लागेल, ते आम्ही बोललोय. आई गप्प होती, मग म्हणाली, लग्नासाठी ठेवलेले आहेत त्यातले घे आधी. त्यावर अजून काही ठरलं नाहीये, मला ते घ्यायचे नाहीयेत.

कॅटचं म्हणाल तर क्वांट ठीक, व्हर्बल हळूहळू सुधारतंय, डीआयएलआरच्या (डेटा आणि लॉजिकच्या भागाच्या) 40 मिनिटांत कुठला सेट सोडायचा हे अजून पटकन कळत नाही. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता एकेक सेट सोडवतेय. पाठीमागे जमनालाल बजाज मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटसाठी सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) आहेच, तिथली फी परवडणारी आहे आणि बाबांना ते नाव माहितीये.

इंटरव्ह्यूत विचारतीलच, पार्ट उशिरा येतात हा तर सप्लाय चेनचा प्रश्न, मग ऑपरेशन्स का नाही? मी सांगणार की मशीन, माणूस, ड्रॉइंग सगळं जागेवर होतं, तरी पार्ट बनला नाही. हे नुसतं बोलून चालणार नाही, आकडे हवेत. काकांना फोन करून विचारलं, मागच्या तीन वर्षांची बॅलन्स शीट बघायला देतील का, ते म्हणाले, ये की, सीएकडून मागवून ठेवतो. शनिवारी जातेय, बाबाही येतो म्हणालेत.