मुका टी आणि बहुरूपी सी

रोज सकाळी नऊ अक्षरांचा एक चौकोन सोडवायचा, हा माझा छंद. तीन ओळी, तीन रकाने. मधलं अक्षर सक्तीचं, बाकीची लागतील तशी घ्यायची आणि निदान चार अक्षरी इंग्रजी शब्द काढत सुटायचं. नऊच्या नऊ अक्षरं वापरणारा एखादा शब्द त्यात दडलेला असतोच. तो मिळाला की मी दिवसभर उगाचच खुशीत असते. न मिळाल्यास कोड्यात खोट आहे, असं माझं प्रामाणिक मत असतं.

परवा मध्ये होता सी. भोवती ए, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू. पाचही स्वर हजर, म्हणजे चंगळच. पहिल्या फटक्यात 'डान्स' मिळाला, पाठोपाठ 'ओशन'. ओशनची तीच पाच अक्षरं इकडची तिकडे केली तर 'कनू', म्हणजे छोटी होडी. समुद्र ढवळला आणि होडी वर आली! कागदावर तिन्ही शब्द एकाखाली एक लिहिले आणि मग लक्षात आलं, की सी तोच, पण डान्समध्ये तो स, ओशनमध्ये श आणि कनूमध्ये क. एका सकाळी तीन सोंगं. आपल्या क-नं असं काही केलं असतं तर बाराखडीतून नाव कमी झालं असतं त्याचं. ('चार' आणि 'चाक' यांतला च एक नाही, हे मान्य. पण तो निदान आपल्या घरातच फिरतो.)

माझं घोडं अडतं ते इथेच. मी अक्षरं कानानं वाचते. सी-ओ दिसलं की आत कुठेतरी 'को' वाजतं आणि मी को-पासून सुरू होणाऱ्या शब्दांच्या मागे धावत सुटते. या खेळात मात्र कान बंद ठेवून नुसतं बघायचं असतं. सगळ्यात छान उदाहरण 'लिसन'चं. त्याच्या मधोमध एक टी आहे, पण तो तोंड उघडत नाही. तीच सहा अक्षरं हलवून 'सायलेंट' करा, की हा टी शेवटी जाऊन खणखणीत बोलतो. ऐकायच्या शब्दात मुका आणि मुकेपणाच्या शब्दात बोलका. इंग्रजीला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणेल?

नऊ वेगवेगळी अक्षरं ३,६२,८८० प्रकारे मांडता येतात. आकडा ऐकून वाटतं, संगणक बिचारा ते सगळे प्रकार तपासत बसत असेल. तो असलं काही करत नाही. शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं तो आधीच वर्णक्रमानं लावून ठेवू शकतो. लिसन आणि सायलेंट, दोन्ही तिथे ई-आय-एल-एन-एस-टी होऊन एकाच खुंटीला टांगलेले. तुमची अक्षरंही तशीच लावायची आणि ती खुंटी शोधायची, झालं काम. हुशारी आहे, पण त्यात गंमत काय? मी कागदावर अक्षरं गोल लिहिते, म्हणजे चौकोनातल्या ओळी डोळ्यांना बांधून ठेवत नाहीत. मग ओळखीची शेपटं शोधते: आय-एन-जी, ई-डी, टी-आय-ओ-एन. शेपूट हाती आलं की उरलेलं जनावर ओढून काढायचं.

कुठलं अक्षर किती कामाचं, हे अल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदानं चिकाटीनं मोजलं होतं. १९३०च्या दशकातल्या मंदीत त्याचं काम गेलं, तेव्हा तो वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजत बसला आणि त्यातून पुढे स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या पटावर लावून शब्द जुळवायचा खेळ, आला. शंभर सोंगट्यांत ई बारा आणि क्यू एकच. एस मात्र इंग्रजीत पैशाला पासरी असूनही फक्त चार, कारण ते भरपूर दिलं तर जो तो दुसऱ्याच्या शब्दामागे एस चिकटवून अनेकवचनावर गुण कमावणार. माणूस ओळखणारा गृहस्थ!

मराठी शब्दकोड्यात मला ही कसरत करावी लागत नाही. तिथे 'स्त्री' अख्खी एका घरात मावते आणि तिचा स वेगळा काढून कोणी दुसरीकडे नेत नाही. इंग्रजीतला 'स्ट्रेंग्थ्स' मात्र नऊ घरं अडवतो, त्यातही स्वर एकच, ई. आपल्याकडे त्याला दोन घरांत कोंबता आलं असतं. गुदमरला असता, पण मावला असता.

तर परवाचा चौकोन. टी-आय-ओ-एन हे शेपूट मिळालं, त्याला 'ॲक्शन' लागला, मग 'कॉशन', मग 'ऑक्शन'. सात अक्षरं झाली आणि ई, डी उरली. उरलेल्या दोघांचं काय करावं या विचारात मी पंधरा मिनिटं त्यांच्याकडे बघत होते. ई आणि डी. भूतकाळाचा प्रत्यय! शेजारी शेजारी बसून माझी वाट बघत होते. 'कॉशन्ड' आणि 'ऑक्शन्ड', नऊ अक्षरी दोन शब्द एकदम. मी कॉलर ताठ केली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्यात तिसराच शब्द होता: एज्युकेशन. मी हा शब्द आठवड्यातून पन्नासदा उच्चारत असेन. पण उच्चारतानाच सगळा घोटाळा झालेला. मी म्हणते त्या एज्युकेशनमध्ये ड कुठे आहे? ट कुठे आहे? डी जाऊन ज-मध्ये लपलेला, टी श-च्या पोटात, आणि सी मधल्या घरात बसून आता क झालेला.

आज मध्ये जी आहे. तो ग आहे, ज आहे की नुसताच गप्प बसणार आहे, ते अजून कळलेलं नाही.