यवतेश्वरच्या घाटात लुकलुकणारी पिवळी लाईट

पावसाळ्यात कासला लोक फुलांसाठी जातात, आम्ही ऐन जुलैत गेलो ते फक्त ओल्या रस्त्यासाठी. माझ्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागेवर भिरभिरू न देणारी सिस्टीम) आणि ईएसपी (वळणावर घसरणारी गाडी सावरणारी सिस्टीम) दोन्ही आहे, दादाच्या (म्हणजे मामेभावाच्या) जुन्या हॅचबॅकमध्ये एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) पण नाही, आणि एकाच घाटात दोन्ही चालवून बघायच्या होत्या कारण हा फरक शोरूममध्ये कळत नाही.

आधी दादाची गाडी घेऊन साताऱ्यातून यवतेश्वरपर्यंत चढलो. समोर धुकं, वळणावर डोंगरातून वाहून आलेली लाल माती. सेकंडला वळणातून बाहेर पडताना पाय जरा जास्त पडला की आतलं चाक जागेवर भिरभिरतं, स्टीअरिंग हातात एकदम हलकं होतं आणि गाडीचं नाक कठड्याकडे जायला लागतं. पाय हळू सोडला की पकड परत येते. सगळं हाताला आणि कंबरेला कळतं, पण सावरायचं आपणच.

मग खाली येऊन माझी गाडी काढली, दादा चालवायला. त्याच वळणावर त्याने तेवढाच पाय दिला तर इंजिन उठेचना, खालून खर्रखर्र आवाज, मीटरमध्ये घसरणाऱ्या गाडीची पिवळी खूण लुकलुकली आणि गाडी सरळ वर. दादा म्हणाला, "आरं, ही मला इचारतच न्हाय!" अगदी बरोबर बोलला तो. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लागतो आणि इंजिनची ताकद कापली जाते, ते पण आपल्याला जाणवायच्या आधी.

कासवरून बामणोलीकडे उतरताना ईएसपीचं काम दिसलं. स्टीअरिंग किती वळवलंय आणि गाडी खरंच किती वळतेय हे सेन्सर सतत ताडून बघतात, जुळलं नाही की एकाच चाकाला ब्रेक. नाक बाहेर चाललं तर आतलं मागचं चाक, मागची बाजू सुटली तर बाहेरचं पुढचं. एका उताराच्या वळणावर मागची बाजू किंचित सुटली आणि कोणीतरी गाडीचा कोपरा धरून ओढावं तसा हलका हिसका बसला, बस्स. 1995 ला बॉशची ही सिस्टीम मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली, आणि 1997 ला स्वीडनमध्ये टेस्टला ए-क्लास उलटली तेव्हा कंपनीने त्या छोट्या गाडीत पण ती सरसकट दिली.

बरेच जण म्हणतात याने चालवायची मजा जाते. मला अजिबात पटत नाही, घाटात समोरून एसटी येत असताना कसली मजा शोधायची? फक्त एक, ही सिस्टीम नवीन पकड तयार करत नाही, टायर गुळगुळीत असतील तर ती पण काही करू शकत नाही. लाईट लुकलुकली म्हणजे पकड संपत आलीय असं समजून स्पीड कमी करायचा, "सिस्टीम आहे ना" म्हणून तसंच दामटायचं नाही.

बामणोलीत शिवसागर जलाशयाच्या काठाला चिखलात गाडी लावली होती, निघताना मात्र उलटंच झालं. चाक फिरलं की ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापणार, त्यामुळे गाडी जागची हलेना. तिथे बटण दाबून ते बंद केलं, चाकं थोडी फिरू दिली, चिखल उडवत गाडी बाहेर आली. डांबरी लागल्या लागल्या दादानेच आठवणीने बटण परत दाबलं, आणि साताऱ्यात पोचेपर्यंत स्वतःच्या गाडीला नवीन टायर कुठले घ्यावेत हेच विचारत होता.